तक्त्यातले शंभर किलोमीटर

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ४८ वर्षांच्या आहेत. काही वर्षांपासून नियमित सायकल चालवतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून ८०-९० किलोमीटर करून दुपारी घरी परततात. दोन जुन्या मैत्रिणींसोबत त्यांची किनाऱ्याकिनाऱ्याने सात दिवसांत ७०० किलोमीटरची सफर ठरली आहे, सामान आपापल्या सायकलवर लादून. एका मैत्रिणीने रोज शंभर किलोमीटर असा तक्ता तयार केला आहे. तिघींत या सर्वांत सावकाश. ‘किनाऱ्याचा रस्ता सपाटच असतो, तुला सहज जमेल,’ असा धीर मैत्रिणी देतात. पण एकीने थट्टेत ‘नाहीतर तू बसने पुढे ये’ असं म्हटलं, ते त्यांच्या मनाला लागलं. आता नवी हलकी सायकल घ्यावी, बॅटरीवाली घ्यावी, की ‘माझ्यामुळे त्यांचा विरस नको’ म्हणून आत्ताच नाव काढून घ्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे. सफरीला तीन महिने अवकाश आहे.

वय, वेग, दम, सायकल, या सगळ्यांवर तुम्ही पत्रात शंका घेतली आहे. तक्त्यावर मात्र घेतलेली नाही. तो जणू रेल्वेचं वेळापत्रक आहे, गाडी सुटेल आणि आपण फलाटावर राहू, अशा धास्तीने तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी तक्ता तपासू, मग तुमच्याकडे वळू.

‘किनारा सपाट असतो’ हे मत समुद्राकडे बघून झालेलं असतं, रस्त्याकडे बघून नव्हे. सपाट असतं ते पाणी. किनाऱ्यालगतच्या रस्त्याला दोन अडचणींतून वाट काढावी लागते: समुद्राला मिळणाऱ्या नद्या-खाड्या, आणि पाण्यात घुसलेल्या डोंगरांच्या सोंडा. रस्ता बंदरापाशी पाण्याच्या पातळीला उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुढच्या सोंडेवर चढायला लागतो. हे चढ साठ-ऐंशी मीटरचे असतात, त्यामुळे नकाशावर नजरेत भरत नाहीत. पण दिवसात असे बारा-पंधरा आले की हजार मीटर चढाई झालीच. लहान रस्ते वळणं न घेता सरळ वर जातात, म्हणून चढ तीव्रही असतात. डोंगरातल्या घाटाला निदान एक माथा असतो, एकदा चढलो की सुटलो. इथे कमावलेली उंची दर अर्ध्या तासाने सोडून द्यायची आणि पुन्हा कमवायची. टोकाचं उदाहरण द्यायचं तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा बेलाख ना बा हा रस्ता समुद्राच्या पातळीपासून निघून ६२६ मीटरवर जातो, आणि तोही किनारी सफरीच्या वाटेवरच येतो. सगळेच किनारे असे नसतात हे खरं. नेदरलँड्सचा किनारा खरोखर सपाट आहे. तिथे वारा आहे.

चढाचा हिशेब एकदा करून ठेवा. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरू. एवढं ओझं शंभर मीटर वर न्यायला सुमारे ९३ किलोज्यूल ऊर्जा लागते. दिवसभर टिकेल अशा बेताने, म्हणजे साधारण ११० वॅटने, पाय मारणाऱ्या माणसाची त्यात चौदा मिनिटं जातात. हजार मीटर चढाई म्हणजे दोन तासांहून जास्त वेळची मेहनत नुसतं ओझं वर उचलण्यात गेली. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, पण उताराच्या तळाशी वळण किंवा वस्ती असते, ब्रेक दाबावा लागतो, आणि मेहनत ब्रेकच्या पॅडमध्ये जिरते.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. किनाऱ्यावर सायकल चालवताना तो धडा पहिल्याच दुपारी आठवतो. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येऊ लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा वारा बहुधा अकराच्या सुमाराला जाणवू लागतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्य कलला की मंदावतो. रात्री उलटं चक्र चालतं, पण ते सौम्य असतं. पहाटे आणि सकाळी हवा त्या मानाने शांत असते, म्हणून निघायची वेळ उजाडल्याबरोबरची ठेवा. नऊला आरामात न्याहारी आटोपून निघणाऱ्यांनी दिवसातले सर्वांत स्वस्त किलोमीटर वाया घालवलेले असतात. ताशी २० च्या वेगाने जाताना समोरून ताशी २० चा वारा आला, तर अंगावर येणारी हवा ताशी ४० ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तो चौपट होतो. सामानाच्या रुंद पिशव्या मागे असतील तर आणखी जास्त. तक्त्यात वाऱ्याचा रकाना आहे का, हे मैत्रिणीला जरूर विचारा.

खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, म्हणजे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्याला तो बाजूने लागतो. रस्ता खाडीला वळसा घालायला आत वळला की पाठीमागून ढकलतो आणि परत समुद्राकडे येताना तोंडावर बसतो. शिवाय त्या त्या ऋतूचा मोठा वारा असतो तो वेगळाच. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून सायकलने जाणारे बहुतेक जण उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, ते यासाठीच: उन्हाळ्यात तिथे वारा वायव्येकडून येतो. आणि तिथली वाहतूक उजवीकडून चालत असल्याने दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो, थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. तुमच्या सफरीची दिशा कुणी, कशावरून ठरवली? ‘जाताना गाडीचं आरक्षण सोपं पडलं’ असं उत्तर आलं, तर सात दिवस समोरून वारा खायची तयारी ठेवा, नाहीतर दिशा उलटी करा. तिकिटं बदलणं सोपं, वारा बदलणं नाही.

तर शंभर किलोमीटरच्या त्या दिवसाकडे पुन्हा बघू. सामान लादलेल्या सायकलवर सपाटीचा सरासरी वेग ताशी १६ धरला तरी सहा तासांच्या वर गेले. उतारावर परत मिळालेला वेळ वजा करून चढांचा निव्वळ दीड तास, वाऱ्याचा एखादा. खाणं, पाणी, पंक्चर, रस्ता चुकणं, फोटो, ‘इथे थोडं थांबू या ना’, यांचे किमान दोन. साडेदहा तासांच्या वर झाले. हे एक दिवस जमतं. सातही दिवस करायचं म्हटलं तर ती सफर राहत नाही, ड्यूटी होते. मला हा तक्ता तुमच्या मैत्रिणींसाठीही चुकीचा वाटतो. फरक इतकाच, की चूक तुमच्या पायांत दोन दिवस आधी दिसेल.

सुट्टीच्या दिवशी ९० किलोमीटर केल्यावर दुसऱ्या दिवशी काय असतं? विश्रांती. सफरीत दुसऱ्या दिवशी पुन्हा ९० असतात. पहिला दिवस उत्साहात जातो, दुसरा ठीक जातो, तिसऱ्या दिवशी बसण्याची जागा, तळहात आणि मान आपापली बिलं मांडतात. तिसऱ्या दिवसाचं अंतर सर्वांत कमी ठेवा. मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, आणि तो ‘जमल्यास’ म्हणून नव्हे, आधीपासून लिहून. वादळी हवा, ताप, तुटलेला आरा, जे काही होईल ते या दिवसाच्या खात्यात जाईल. काहीच झालं नाही, तर समुद्र बघत बसा. त्यासाठीच तर निघालात.

माझा हिशेब विचाराल तर सात दिवसांत ४०० ते ४५० किलोमीटर. पण आकड्यापेक्षा तासांत योजना करा. रोज सीटवर जास्तीत जास्त सहा तास, त्यातले चार दुपारच्या वाऱ्याआधी. त्या तासांत कुठवर पोचता येईल हे प्रत्येक टप्प्याची एकूण चढाई बघून ठरवा. रस्त्याची उंची दाखवणारे नकाशे आज कुणालाही फोनवर मिळतात. जिथे चढ जास्त तिथे ५०, सपाटीला ८०. रोजचा आकडा सारखा असायलाच हवा, हा हट्ट तक्त्याच्या रकान्यांचा असतो.

तक्त्यात नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी खाली-वर होतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. तुमच्या वाटेवर फेरीबोट असेल, तर ती ओहोटीला चालते का, जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात का, सायकल घेतात का, दिवसातली शेवटची फेरी कधी, हे आधी फोन करून विचारा. एक फेरी चुकली की खाडीला वळसा घालून ४० किलोमीटर पडू शकतात, आणि ते नेहमी संध्याकाळीच पडतात. भरतीत बुडणारे रस्तेही असतात. फ्रान्सचा पासाज द्यू ग्वा हा चार किलोमीटरचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये त्याच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडांवर कसलेले स्पर्धक एकावर एक पडले. त्यांच्या सायकलींना सामान बांधलेलं नव्हतं. बोगदे असतील तर तेही बघा. नॉर्वेच्या किनारी रस्त्यांवर काही बोगद्यांत सायकलला मनाईच आहे, तिथे पर्यायी रस्ता किंवा बोट शोधावी लागते.

आता तुमचे तीन पर्याय.

नवी हलकी सायकल. माझं मत स्पष्ट आहे: नको. सायकल दोन किलोंनी हलकी झाली तर ९५ चे ९३ होतील. तेवढं वजन तुमच्या सामानातून काढता येतं, फुकट. त्याऐवजी गिअर बघा. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची असेल, तर मिनिटाला ६० फेरे मारताना तुम्ही ताशी नऊच्या वर असता, आणि दहा टक्के चढावर ते टिकवायला सव्वादोनशे वॅटच्या पुढे ताकद लागते. ती सातव्या दिवशी कुणाकडे असते? पुढे ३० आणि मागे ३६ दात असतील तर त्याच फेऱ्यांत वेग ताशी सव्वासहा होतो आणि ताकद एकशे साठ-सत्तर वॅट लागते. दम राहतो, गुडघे राहतात. पुढची लहान चकती, मागची कॅसेट (चकत्यांचा संच) आणि गरज पडल्यास डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलून हे होतं. किती मोठी चकती बसेल ते मेकॅनिकला विचारा. त्याच फेरीत मागच्या चाकाचे आरे ताणून घ्या, कारण सामानाचा भार बहुतांश त्याच चाकावर येतो. आणि सीट बदलायची असेल तर आत्ता बदला, निघायच्या आठवड्यात नको.

बॅटरीची सायकल ही फसवणूक आहे असा सूर तुमच्या पत्रात आहे, तो मला पटत नाही. गुडघा दुखरा असेल, किंवा तिघींच्या ताकदीत खरोखर मोठी तफावत असेल, तर ती उत्तम सोय आहे. ५०० वॅट-तासांची बॅटरी सरासरी १०० वॅटची मदत पाच तास करते. म्हणजे चढ आणि समोरचा वारा यांपुरती राखून वापरली तर दिवस निघतो. पण सायकल जड असते. बॅटरी संपली की ते सगळं वजन तुमच्याच पायांवर येतं, फेरीबोटीत चढवताना दोघी लागतात, आणि रोज रात्री चार्जिंगची खात्रीची जागा हवी. तुमची अडचण मात्र ताकदीची कमी आणि योजनेची जास्त आहे, असं पत्रावरून दिसतं. आधी योजना सुधारून बघा.

नाव काढून घेणं. इथे मला तुमचं वाक्य परत वाचून दाखवायचं आहे: ‘माझ्यामुळे त्यांचा विरस नको.’ त्यांचा विरस होईल, हे त्यांनी म्हटलंय की तुम्ही ठरवलंय? थट्टेतलं एक वाक्य सोडलं तर पत्रात त्या दोघी तुम्हाला बोलावतच आहेत. आणि बसचं ते वाक्य लागण्यासारखं होतं, हे मान्य. तरी त्यातली कल्पना वाईट नाही. ती फक्त तुमच्या एकटीसाठी मांडली गेली, हे चुकलं. चांगल्या सफरीत दर दिवशी एक सुटकेची जागा आखलेली असते, जिथून सायकलसकट बस, रेल्वे किंवा टेम्पो मिळेल. ती तिघींसाठी असते. तिसऱ्या दिवशी पोट बिघडणारी व्यक्ती सर्वांत वेगवान मैत्रीणही असू शकते.

सोबत जाणं म्हणजे चाकाला चाक लावून जाणं, अशीही तुमची समजूत दिसते. चढावर प्रत्येकीने आपल्या गतीने जावं. वेगवान माणसाला हळू चढणं आणि सावकाश माणसाला भरभर चढणं, दोन्ही सारखीच शिक्षा आहे. भेटायची ठिकाणं आधी ठरवा: चढाचा माथा, पूल, जिथे रस्ता फुटतो ती प्रत्येक जागा. पुढे पोचलेल्यांनी एक पथ्य पाळायचं: मागची आली की लगेच उठून निघायचं नाही. नाहीतर विश्रांती त्यांना मिळते, तिला कधीच नाही, आणि दिवसाअखेर ‘ती दमते’ हे सिद्ध होतं. माझ्या मते ‘सावकाश’ म्हणून शिक्का बसलेल्या निम्म्या लोकांची गोष्ट एवढीच असते.

समोरून वारा असताना मात्र एकत्र राहा. पुढच्या सायकलच्या आडोशाने मागचीची मेहनत बरीच वाचते. ताकदवान दोघींनी आळीपाळीने पुढे राहावं आणि तुम्ही मागे. यात उपकार नाहीत, तुम्ही दमला नाहीत तर संध्याकाळी तिघी वेळेत पोचता. बाजूच्या वाऱ्यात हा आडोसा तिरका पडतो, तो मिळवायला रस्त्याच्या रुंदीवर पसरावं लागतं, आणि रहदारीत ते जिवावरचं आहे. तिथे आडोसा विसरा. उलट अंतर ठेवा, कारण उघड्या कड्यावर झोत आला की सामान लादलेली सायकल हातभर सरकते, आणि मोठी गाडी बाजूने गेली की वारा क्षणभर तुटून पुन्हा आदळतो. हँडल घट्ट आवळू नका.

खाण्याचं थोडक्यात: भूक लागायच्या आधी, दर तासाला थोडं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. उन्हात नुसतं पाणी ढोसू नका, घामासोबत गेलेलं मीठही भरून काढा. किनाऱ्यावर वारा घाम वाळवतो, त्यामुळे तो किती गेला ते कळत नाही.

आणि खारं पाणी सायकलचं लोखंड खातं. रोज संध्याकाळी चेन, ब्रेक आणि बोल्टवरून गोड्या पाण्याचा हलका हात फिरवा, जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. पुसून कोरडं करा, मग चेनला तेल, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. ओलसर तेलाला वाळू चिकटते आणि दाते घासते. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर निघण्याआधी काढून ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेत तो जाम होऊन बसतो. पुळणीवरून सायकल चालवायचा मोह होईल. फोटोपुरती हातात धरून न्या.

आता मैत्रिणींशी बोलणं. ‘मला जमणार नाही’ असं सुरू करू नका. मग त्या ‘जमेल गं’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. तक्ता समोर घ्या, प्रत्येक दिवसाची चढाई, वाऱ्याची दिशा आणि फेरीबोटीची वेळ तिघी मिळून भरा. रकाने भरले की शंभराचा आकडा आपोआप डळमळेल. तुम्हाला त्याच्याविरुद्ध बोलावं लागणार नाही. बसचं वाक्य लागलं, हे मात्र वेगळं आणि सरळ सांगा, तक्त्याच्या चर्चेत मिसळू नका.

इतकं करूनही दोघींना ७०० च करायचे असतील, तर तोही त्यांचा हक्क आहे. काही जणांना अंतर पार करण्यातच आनंद असतो. मग तुम्ही मधल्या एका मुक्कामावर त्यांना गाठा आणि शेवटचे तीन दिवस सोबत करा, किंवा तुमच्यासारख्या चालीच्या कुणासोबत वेगळी सफर आखा. मैत्री आणि सायकलचा वेग यांची सांगड घालायलाच हवी असं नाही.

हे ठरायच्या आधी एक काम करा, शक्यतो येत्या महिन्यात आणि तिघींनी मिळून. खऱ्या सफरीचं पूर्ण सामान लादून शनिवारी ६० किलोमीटर जा, मुक्काम करा, रविवारी दुसऱ्या रस्त्याने, शक्यतो समोरून वारा घेत, ६० परत या. रविवारी सकाळी सीटवर बसताना काय वाटतं, कोणती पिशवी उघडलीच गेली नाही, कोण कुणासाठी थांबलं आणि कुठे चिडचिड झाली, ते तिघींनी लिहून काढा. आरक्षणं त्यानंतर करा.